नाण्याची गोड बाजू

१

परत आलेली डबी उघडली तेव्हा दुकानात चौघं होती, आणि चौघांचीही तोंडं एकदमच मिटली.

डबीत चांदीचं नाणं होतं. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढं, एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती, आणि चिठ्ठी कसली, चपराकच ती. "फोटोतल्या नाण्याला कडेने गुलाबी-निळी झाक आहे. मला आलेलं नाणं पांढरंफटक आहे आणि राजाच्या गालावर हा एवढा ओरखडा. मी फोटोतलं नाणं विकत घेतलं होतं. ते कुठे आहे?"

धाकटीने कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर राजा कसा झळकत होता! जुन्या चांदीला वर्षानुवर्षं हवा लागून रंगाची एक साय धरते. धंद्यात तिला टोनिंग म्हणतात, आणि शौकीन लोक त्या सायीवर जीव टाकतात. फोटोत ती होती, डबीतल्या नाण्यावर तिचा मागमूस नव्हता. गालावरचा ओरखडा डबीत होता, फोटोत नव्हता.

धाकटी म्हणजे दुकानदारांची धाकटी सून. तीन वर्षांपूर्वी दुकानात माशा मारायची वेळ आली होती, तेव्हा नाण्यांचे फोटो काढून ती ऑनलाइन विकायची टूम हिनेच काढली आणि दुकान तरलं. तेव्हापासून बाबा, म्हणजे तिचे सासरे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या धाकटीच्या हातात जादू आहे हो." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि दिवसभर त्या वाक्यावर तरंगायची.

बाकीचे दोघे म्हणजे तिचे थोरले दीर, ज्यांना ती भाऊजी म्हणे, आणि डबीकाका. भाऊजी नाणी पारखून वर्णन लिहीत. डबीकाका नाण्यांचं वजन करीत, एकेक नाणं डबीत घालीत आणि पार्सल बांधीत. बावीस वर्षं त्यांच्या हातून नाणी जात होती.

"वाटेत कुणीतरी बदललं असेल," भाऊजी म्हणाले.

"सील शाबूत होतं," बाबा म्हणाले. "आणि गिऱ्हाइकाने पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवलाय. सील तुटतं, डबी उघडते, आत हेच नाणं. एकदाही कॅमेरा हललेला नाही."

म्हणजे अदलाबदल इथेच झाली होती, याच खोलीत, फोटो काढल्यानंतर आणि सील लागण्याआधी. तेवढ्या वेळात नाणं एकाच माणसाच्या ताब्यात होतं. सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या.

डबीकाका हातातली दोऱ्याची गुंडी गुंडाळत उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि गुंडी खाली ठेवली.

२

"असा एकदम कुणावर आळ घेऊ नका," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "आधी मला सांगा, कुणी काही पाहिलंय का?"

भाऊजी हनुवटी खाजवत म्हणाले, "नाहीतर मग... फोटोतच काही गडबड नाही ना?"

झालं! या एका वाक्याने धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. फोटोत गडबड? तिच्या फोटोत? हातातली जादू मग कुठे राहिली? आणि जिभेला काय हाड असतं?

"काका पॅक करताना सारखे खिशात हात घालत होते," ती म्हणाली. "त्या दिवशीही. मी पाहिलंय."

वाक्य खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. तरी ते बोलून झाल्यावर तिला आपल्याच कानाची पाळी गरम लागली.

डबीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. याच माणसाने तिला पहिल्या आठवड्यात नाणं धरायला शिकवलं होतं. "पोराचा कान धरतात तसं कडेला धर गं. गालाला हात लावू नकोस, लगेच रुसतं." ते तिच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी डावा खिसा रिकामा केला. किल्ली, बसचा पास, पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, चार घड्यांचा रुमाल. मग उजवा खिसा बाहेर ओढला. त्यात काहीच नव्हतं. नुसतं अस्तर बाहेर लोंबत राहिलं, जाड, पांढरं, मऊ कापडाचं.

"बघा, सूनबाई," ते म्हणाले. आजवर ते तिला अगंतुगं करायचे.

धाकटी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावर काय होतं, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

"आठवड्यापूर्वी गेलेलं नाणं आज खिशात थोडंच सापडणार?" भाऊजी पुटपुटले.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काही दिवस घरीच थांबा," ते म्हणाले. काकांनी सामान उचललं, जेवणाचा डबा घेतला आणि ते पायऱ्या उतरून गेले. उजवा खिसा आत ढकलायचं त्यांना भान नव्हतं. ते पांढरं अस्तर तसंच लोंबत रस्त्याने गेलं.

३

आता या घरात एक व्यक्ती अशी होती की जिच्यापासून सुईदेखील लपायची नाही. ती म्हणजे आत्या, बाबांची मोठी बहीण. एकतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढून निवृत्त झालेली. पंधरवड्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती दुकानामागच्या खोलीत मुक्कामाला होती. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या चुका काढायच्या, असा तिचा दिनक्रम.

"बावीस वर्षांच्या माणसाला तुम्ही बावीस मिनिटांत घरी बसवलंत?" तिने भावाला विचारलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी तर देत नाही ना रे?"

"मग तूच शोध की चोर," बाबा चिडून म्हणाले.

"शोधते. पाठव एकेकाला."

पहिले गेले भाऊजी. मधलं दार उघडंच होतं आणि धाकटी दाराशेजारच्या कपाटातल्या डब्या उगीचच नीट लावत होती. ऐकायचं नव्हतं तिला, असं ती स्वतःला सांगत होती.

"वर्णन तू लिहिलंस. त्यात ओरखडा का नाही?" आत्याने विचारलं.

"दिसला नाही."

"नाणं हातात घेतलं होतंस तेव्हा?"

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले.

"अरे, मी विचारते काय? हातात घेतलं होतंस ना?"

"तसं... फोटोवरून लिहिलं," भाऊजींचा आवाज अगदी खाली गेला. "हल्ली फोटोवरूनच लिहितो. धाकटीचे फोटो इतके स्वच्छ असतात, की भिंगाने बघायची गरजच..."

"म्हणजे पारखी तू आणि पारख कॉम्प्युटरची. शाबास रे माझ्या गब्रू. आणि हे तू तेव्हा बोलला नाहीस, डबीकाका समोर खिसे उलटे करत होते तरी."

भाऊजी बाहेर आले ते कुणाकडे न बघता थेट रस्त्यावर गेले. धाकटीला त्यांची कीव आली, आणि थोडं बरंही वाटलं. आपणच एकटे वाईट नाही, हे कळलं की माणसाला बरं वाटतं, त्याला कोण काय करणार?

मग बाबा गेले. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी खिशांपर्यंत.

"थांब," आत्या म्हणाली. "डाव्या खिशाचं अस्तर कसं होतं?"

"साधं. पँटच्याच रंगाचं, खाकी."

"आणि उजव्याचं पांढरं, जाड? एकाच पँटला दोन तऱ्हेची अस्तरं का बरं?"

"मला काय ठाऊक? शिंप्याला विचार."

"बावीस वर्षांत एकानेही विचारलं नाही ना? बरं. धाकटीला बोलाव." आत्याने आवाज चढवला, कपाटामागे कोण आहे हे ठाऊक असल्यासारखा. "आणि तिला म्हणावं, येताना दिवे आणि कॅमेरा घेऊन ये. ते परत आलेलं नाणंही."

४

"त्या दिवशी फोटो काढलास, अगदी तसाच आत्ता काढ," आत्या म्हणाली.

धाकटीने खिडकीपाशी टेबल ओढलं. सकाळचीच वेळ होती, त्या दिवसासारखीच. करड्या रंगाचा कागद अंथरला, त्यावर नाणं ठेवलं. डावीकडे खिडकी, उजवीकडे दिवा, दिव्यापुढे दुधी कागदाचा पडदा. कॅमेरा स्टँडवर, तोंड सरळ खाली.

"कागद करडा आणि फोटोत मागे काळं?"

"ते नंतर कॉम्प्युटरवर करते. नाणं कापून घ्यायचं आणि काळ्यावर ठेवायचं. काळ्यावर चांदी उठून दिसते."

तिने बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढुरकं नाणं आलं, गालावर ओरखडा, रंगाचं नाव नाही.

"बघा ना आत्या!" धाकटीच्या जिवात जीव आला. "मी तेच म्हणत होते. जागा तीच, दिवा तोच. रंग नाही म्हणजे हे ते नाणंच नाही."

"त्या दिवशी सगळं असंच होतं? काही राहिलं नाही?"

"असंच होतं."

आणि हे म्हणता म्हणता तिची नजर आत्याच्या उशाशी गेली.

तिथे बुटांच्या खोक्याचं एक झाकण उताणं पडलं होतं. आतून गुलाबी, चकचकीत गुलाबी. त्यात आत्याच्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या, कापूस, गोळ्या. बाटल्या लवंडू नयेत म्हणून धाकटीनेच मागच्या आठवड्यात ते झाकण आणून दिलं होतं. त्याआधी ते कुठे होतं, हे तिला लख्ख आठवलं.

ती बोलू शकली असती. दोन शब्दांचं काम होतं. ती दिव्याची वायर गुंडाळायला लागली.

"थांब गं, जरा थेंबांची वेळ झाली," आत्या म्हणाली. तिने झाकणातून पांढरी बाटली उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबवला. मग तिने डावा डोळा मिटला. तो उघडला आणि उजवा मिटला. पुन्हा डावा.

"गंमत आहे हं या ऑपरेशनची," ती म्हणाली. "नव्या डोळ्याने पांढरं निळसर दिसतं, जुन्याने तेच पिवळट. एकच भिंत, दोन रंग. पंधरा दिवस झाले, मला वाटायचं माझं डोकं फिरलंय. पण ही बाटली बघ. हिच्या बुडाशी दोन्ही डोळ्यांनी गुलाबी दिसतंय. उचलली की गुलाबी जातं." तिने बाटली उचलून दाखवली आणि झाकण रिकामं केलं. "हे झाकण आधी कुठे होतं, पोरी?"

धाकटीच्या हातातून वायर सुटली.

५

"पांढरा पुठ्ठा ओला झाला होता," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. "दिव्याचा उजेड परतवायला नाण्याच्या बाजूला एक पुठ्ठा उभा करावा लागतो. हातात हे आलं. त्या दिवशी बाकीची सगळी तांब्याची नाणी होती, त्यांच्यावर काही कळलं नाही. चांदीचं हे एकटंच."

"उभं कर."

तिने झाकण नाण्याशेजारी उभं केलं. चांदी ही मोठी लबाड. स्वतःचा रंग दाखवायचा नाही, शेजाऱ्याचा उसना घ्यायचा. उजव्या कडेने गुलाबी चढलं. डाव्या कडेने खिडकीतलं आभाळ निळं उतरलं. मधे राजा. फोटोतली ती साय, जिच्यावर गिऱ्हाइकाने जीव टाकला होता, ती बुटांच्या खोक्याची होती.

आत्याने कॉम्प्युटरवरचा फोटो मोठा करायला लावला. नाण्याच्या कडेला बारीक मण्यांची माळ कोरलेली होती. मुकुटाच्या टोकावर, कधीतरी कुठेतरी पडून, दोन मणी चेपून एक झाले होते. भिंगाखाली टेबलावरच्या नाण्यातही मुकुटाच्या टोकावर दोन मणी चेपून एक झाले होते.

"पडल्याची खूण दोन नाण्यांना सारखी होत नाही," आत्या म्हणाली. "आमच्याकडे मोडलेल्या हाडांचं असंच असायचं. चोरच नव्हता गं घरात. पण अजून एक राहिलं. ओरखडा गेला कुठे?"

धाकटीने बोटाच्या नखाने नाणं हळूच फिरवलं. राजाने मान वळवावी तसं ते वळलं. ओरखडा बारीक झाला, केसाएवढा झाला, आणि उजेड त्याच्या लांबीने वाहायला लागला तसा दिसेनासा झाला.

"नेहमीच फिरवते मी," ती म्हणाली. "फिरवत राहायचं आणि जिथे नाणं गोड दिसेल तिथे थांबायचं. मग फोटोतच ते सरळ करून घ्यायचं."

"आणि फिरवताना ओरखडा दिसला होता?"

धाकटीने नाण्यावरून बोट काढलं.

"दिसला होता," धाकटी म्हणाली. "क्षणभर. मग गेला, आणि मी म्हटलं, गेला. नंतर आठवलाच नाही. चिठ्ठी आली तेव्हाही नाही." ती थांबली. "नाही, खोटं बोलते मी. चिठ्ठी वाचताना आठवला होता. म्हणून तर काकांच्या खिशाचं बोलले."

तिला वाटलं, आता आत्या तोफ डागणार. आत्या नुसती तिच्याकडे बघत राहिली, आधी एका डोळ्याने, मग दोन्ही.

"खिशात हात घालत होते, हे खरं होतं ना?"

"खरं होतं."

"मग काय! एक्स-रेसुद्धा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. म्हणून आम्ही दोन बाजूंनी काढायचो. तू काकांनाही त्या नाण्यासारखंच फिरवलंस आणि तुला सोयीचं दिसलं तिथे थांबलीस."

धाकटीने पदराने तोंड झाकलं. लाज म्हणजे काय हे तिला आजवर ऐकून माहीत होतं. आता ती टाळूपासून टाचेपर्यंत कशी जाते ते कळलं.

"आत्या," ती म्हणाली, "बाबांना तुम्ही सांगाल?"

"मी? मी पाहुणी बाई. थेंब घालते आणि पडून राहते."

६

बाबांना सांगायला तिला चार वाक्यं लागली. भाऊजी ऐकत होते. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बावीस वर्षं गं," आणि हातांत डोकं धरून बसले. मग म्हणाले, "आपण दोघंही जाऊ."

"आधी मी एकटी जाते, बाबा."

डबीकाकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार काकूंनी उघडलं. काका आत खिडकीपाशी बसले होते, समोर वर्तमानपत्र, पण चष्मा बाजूला. धाकटी उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिथूनच सगळं बोलली. झाकण, ओरखडा, आणि आठवूनही न बोलणं. शेवटी म्हणाली, "काका, मी चुकले असं म्हणायला आलेच नाही. चुकणं वेगळं. मी स्वतःला वाचवायला तुम्हाला पुढे केलं. माफी मागायचंही तोंड नाही मला."

बोलल्या त्या काकू.

"खिशात हात घालत होते म्हणे! अहो, तो खिसा मी शिवलाय. यांच्या तळव्यांना घाम फार. घामाने चांदी डागाळते, म्हणून प्रत्येक नाण्याला हात लावायच्या आधी आत पुसतात. रुमाल काढत बसलं तर वेळ जातो, म्हणून खिशालाच फलाटीनचं अस्तर लावलं. बावीस वर्षं दर रविवारी मी तो खिसा धुते. या रविवारी धुवायला काही नाही."

धाकटीला वाटलं, फरशीने आपल्याला पोटात घ्यावं.

"जाऊ दे," काका म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "सोमवारी येतो. बाबांना सांगा."

संध्याकाळी बाबा स्वतः जाऊन आले. धाकटीने नाण्याचे नवे फोटो काढले, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या उजेडात, मागचा करडा कागद तसाच ठेवून. एक सरळ उजेडाचा, एक आडव्या उजेडाचा. आडव्या उजेडात ओरखडा गालभर पसरला होता. दोन्ही फोटो गिऱ्हाइकाला पाठवले आणि नाणं तेच होतं, फोटो खोटा होता, कुणी काही बदललं नव्हतं, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं, "खरं सांगितल्याबद्दल आभार. नाणं नको." भाऊजी भिंग घेऊन बसले आणि जुन्या सगळ्या वर्णनांशी नाणी ताडून बघायला लागले. धाकटी जुने फोटो एकेक करून काढून टाकत होती. किती राजांच्या गालांवरून तिने उजेड असा लांबीने वाहू दिला होता, देव जाणे.

सोमवारी काका आले. वजनं केली, डब्या भरल्या, दोरे बांधले. उजवा हात खिशात जाई, बाहेर येई, नाण्याची कड धरी. दुपारी बाबांशी दोन गोष्टी बोलले, आत्याने हाक मारून डोळ्याचं विचारायला लावलं तेव्हा हसलेसुद्धा. धाकटीला वाटलं, आता पूर्वीसारखं होईल.

सहा वाजता काका तिच्या टेबलापाशी आले. डावा खिसा रिकामा केला. किल्ली, पास, गोळ्यांची डबी, रुमाल. मग उजवा बाहेर ओढला.

"काका, नका ना असं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मी पाया पडते तुमच्या. आता काय गरज आहे?"

"राग नाही हो, सूनबाई," काका शांतपणे म्हणाले. "रोज करणार आहे. म्हणजे पुन्हा कधी कुणाला प्रश्न पडला तर तुम्हाला ठामपणे सांगता येईल. त्या दिवशी तुम्ही बघितलंच नाही. आज बघा, म्हणजे मी निघतो."

तिने पदराने डोळे पुसले आणि पाहिलं. किल्लीला लाल दोरा होता. पासवरचा फोटो बावीस वर्षांपूर्वीचा असावा, केस काळे होते. गोळ्या तीन उरल्या होत्या. फलाटीनच्या अस्तरावर बोटांच्या राखाडी खुणा होत्या, धुऊन धुऊन न गेलेल्या, आणि कडेने काकूंची हाताची शिवण, एकेक टाका सारखा.

"पाहिलं, काका," ती म्हणाली.

काकांनी सामान खिशात घातलं, अस्तर आत ढकललं, आणि ते पायऱ्या उतरून घरी गेले.